आमच्या मॅडमचं हँडओव्हर

नर्सकडे किस्से फार साठतात, कारण ते घरी सांगता येत नाहीत. जेवताना मी तोंड उघडलं की आमचे हे हात वर करतात. "आधी शरीराच्या कुठल्या भागातलं आहे ते सांग, मग मी भाजी वाढून घेतो." त्यामुळे जखमा, टाके, नळ्या सगळं ठाण्याला हॉस्पिटलातच ठेवून यावं लागतं. डोंबिवलीच्या घरापर्यंत पोचतात ते फक्त मॅडमचे किस्से. ते जेवतानाही चालतात, उलट मुलगा एक पोळी जास्त खातो.

मॅडम म्हणजे आमच्या नर्सिंग इन्चार्ज. नाव सांगत नाही, कारण माझी ड्यूटी अजून त्याच लावतात. कामात बाई चोख, हे आधीच सांगून टाकते. शीर सापडेना झाली की डॉक्टरसुद्धा त्यांनाच बोलावतात. पण त्यांच्या मते जगात नर्स दोनच प्रकारच्या असतात. जिला ओरडून झालंय ती, आणि जिला ओरडायचं राहिलंय ती.

*

एकदा कुठल्याशा पेशंटने फीडबॅकमध्ये लिहिलं की इथल्या सिस्टर हसत नाहीत. झालं. मॅडमनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि घसा ताणून सांगितलं, "उद्यापासून प्रत्येकीच्या चेहऱ्यावर हसू दिसलं पाहिजे. कायम. हसू दिसलं नाही तर मेमो देईन!"

आमच्यात लिसी म्हणून एक आहे. केरळहून आली तेव्हा तिला मराठीत 'कुठे दुखतं' एवढंच येत होतं, आता ती रिक्षावाल्याशी भांडतेही मराठीत. तिच्या चेहऱ्यावरची रेघ सहसा हलत नाही. दुसऱ्या दिवशी सलाइन स्टँडच्या चाकावरून मॅडमनी तिला भर वॉर्डात झापायला घेतलं. मॅडमचा आवाज चढत चालला आणि लिसीचं हसू रुंद होत चाललं. पार अक्कलदाढेपर्यंत.

"हसताय काय सिस्टर? मी इथे बोलतेय आणि तुम्ही हसताय?"

"ऑर्डर आहे मॅडम," लिसी हसतच म्हणाली.

मॅडमनी ती ऑर्डर संध्याकाळी मागे घेतली.

*

आता स्नेहलबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. स्नेहल आमच्यात सगळ्यात लहान. दिव्याला राहते, तिथे नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो. म्हणजे घरातलं पाणी भरून मग ड्यूटीला येते, आणि पाणी उशिरा आलं की तीही उशिरा येते. कोर्स संपवून नुकतीच लागलेली, कामाला हुशार, पण मॅडमचे बूट वाजले की मोजलेल्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायची. मॅडमना ते बरोबर कळायचं. मग त्या जास्तच जवळ येऊन उभ्या राहायच्या.

हिचं लग्न ठरलं. मुलगा कळव्याचा, अनिकेत नाव, कल्याणला अकाउंट्सचं काम करतो. साखरपुड्याची तारीख निघाली, रजा मिळाली, आम्ही साड्यासुद्धा ठरवल्या. आदल्या दिवशी एक नगरसेवक अॅडमिट झाले. पायाच्या अंगठ्याचं नख आत वाढलेलं. मॅडमनी वॉर्डातल्या सगळ्या रजा रद्द केल्या.

"मॅडम, उद्या माझा साखरपुडा आहे," स्नेहल म्हणाली.

"साखरपुडा पुढे ढकलता येतो. अंगठा ढकलता येतो का?"

तारीख पुढे गेली. अंगठा दोन दिवसांत बरा होऊन, हार घालून घेऊन घरी गेला.

*

आमच्याकडे पाळी बदलताना एक नर्स दुसरीला प्रत्येक पेशंटची माहिती तोंडी देते. त्याला हँडओव्हर म्हणतात. पेशंटचं काय दुखतं, काय दिलं, कशावर लक्ष ठेवायचं. कधीतरी आम्ही मॅडमचंही हँडओव्हर द्यायला लागलो. कोणी सुरू केलं ते आठवत नाही, पण दुपारची पाळी येताच आधी तेच विचारायची. सकाळी कोणावर घसरल्या, चहा झाला का, आज समोरून जावं की मागच्या जिन्याने. खोटं कशाला बोलू, त्या दोन मिनिटांच्या बळावर आम्ही पुढचे सहा-सात तास काढायचो.

एक दिवस लिसी मला हँडओव्हर देत होती. "सकाळपासून चिडचिड आहे. कारण नसताना ओरडतात. मोठ्या डॉक्टरांचा फोन आला की त्रास वाढतो, चहा दिला की अर्धा तास आराम. जास्त जवळ जाऊ नका, फक्त लक्ष ठेवा."

माझा चेहरा बघून ती मागे वळली. मॅडम उभ्या होत्या.

"कुठल्या बेडचा पेशंट हा?" मॅडमनी विचारलं. "इतका त्रास आहे तर मानसोपचारवाल्यांना दाखवलं का नाही?"

लिसीची रेघ हलली नाही. "आम्ही डिस्चार्जची वाट बघतोय मॅडम," ती म्हणाली. "पण होत नाही."

*

त्याच सुमारास बाळकुमच्या एक आजी वॉर्डात होत्या. आगरी बाई, अंगाने दणकट, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एका सकाळी दिव्याला पाणी उशिरा आलं आणि स्नेहल धावतपळत पोचली. मॅडमनी तिला आजींच्या बेडसमोरच धरलं. "घरी पाणी भरायचं तर घरीच बसा. लग्न करून कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जा. नर्सिंग तुमचं काम नाही." सगळे नातेवाईक बघत होते. पोर मान खाली घालून उभी. मला तेव्हा इतका संताप आला होता की हातातली सिरिंज खाली ठेवून मी नुसतीच खिडकीकडे बघत राहिले. आपण काहीच बोललो नाही, हे घरी येईपर्यंत टोचत होतं.

आजी मात्र बोलल्या. त्यांनी उशाशी असलेली बेल दाबली. "पोरी, मना पानी दे."

स्नेहल पाणी द्यायला वळली. पाणी देऊन झालं, मॅडमनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बेल. "पोरी, माजी उशी सरकव." उशी सरकवली. मॅडमनी तोंड उघडलं, बेल. शेवटी मॅडमच आजींना म्हणाल्या, "आजी, काय हवंय ते एकदाच सांगा ना."

"मना काय नको," आजी म्हणाल्या. "तू गेलीस का मी झोपन."

दुसऱ्या दिवसापासून ते लोण वॉर्डभर पसरलं. मॅडमचा आवाज चढला की एकामागून एक बेल वाजायच्या. डायरियावाले, प्लॅस्टरवाले, सगळे सामील. महिन्याच्या मीटिंगमध्ये मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट फार बेल वाजवतायत, मॅडम. स्टाफ कमी पडतोय का?" आम्हाला एक नर्स वाढवून मिळाली.

*

साखरपुड्याची दुसरी तारीख दसऱ्याची होती, आणि ती घालवली आम्ही. म्हणजे चांगलं करायला गेलो.

नवरात्रात सगळं ठाणं रोज ठरलेल्या रंगात फिरतं. टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची रांग बघावी तर एका रंगाची नदी. आम्ही मात्र पांढऱ्याफटक. म्हणून आम्ही त्या त्या रंगाचे मोजे घालायला सुरुवात केली, पँटच्या आत, कोणाला दिसणार नाहीत असे. मॅडमनी सगळ्यांना एकदा पँट वर करायला लावली. हिरव्या मोज्यांची रांग निघाली. "उद्यापासून अंगावर एकही रंग दिसता कामा नये."

अंगावर नको म्हणाल्या ना, ठीक. आमच्याकडे चादरींचे रंग वारांप्रमाणे बदलतात. लिसीने लाँड्रीवाल्या काकांना गाठून फक्त वार इकडचे तिकडे केले. दुसऱ्या दिवशीचा रंग पिवळा, तर अख्खा वॉर्ड पिवळाधमक. पेशंट खूश, नातेवाईक सेल्फी काढतायत, आणि मॅडम दारात उभ्या राहून ओरडण्यासाठी श्वास घेतायत, तेवढ्यात राउंडला मोठे डॉक्टर आले. हॉस्पिटल त्यांचंच.

"वा, काय प्रसन्न वाटतंय. कोणाची आयडिया?"

मॅडमनी घेतलेला श्वास सावकाश सोडला. "माझी, सर."

"मग नऊही दिवस करा. आणि दसऱ्याला सगळ्या स्टाफचा एक मोठा फोटो काढू. एकही माणूस कमी नको."

मोरपंखी चादरी कुठून आणायच्या ते मॅडमनी बघितलं, आयडिया त्यांची होती. पण दसऱ्याच्या सगळ्या रजा रद्द झाल्या. त्या फोटोत स्नेहल पहिल्या रांगेत आहे, डोळे सुजलेले. ती आम्हाला एका शब्दाने बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी अनिकेतच्या आईचा तिच्या घरी फोन आला. "मुलीला लग्न करायचंय की नाही ते एकदा सांगा. तिसऱ्यांदा तारीख हलली तर आम्ही दुसरीकडे बघायला मोकळे."

*

अनिकेत बिचारा भला. मॅडमना स्वतः भेटून विनंती करतो म्हणाला. पण भेटायला सोडतंय कोण? वॉचमनने विचारलं, पेशंट कोण? पेशंट नाही तर आत नाही. म्हणून तो ओपीडीत केसपेपर काढून पेशंटांच्या बाकावर बसला.

त्या दिवशी गर्दी बघायला मॅडम खाली आलेल्या. धडधाकट तरुण बाकावर बसलेला बघून त्या थांबल्या. "काय त्रास होतोय?"

अनिकेत उठून उभा राहिला. "मॅडम, साखरपुडा होत नाहीये."

"कधीपासून?"

"गणपती झाले तेव्हापासून."

हा कोणाचा कोण ते मॅडमच्या लक्षात आलं असावं. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि बीपी बघितलं. ते वाढलेलं निघालं. "या वयात? टेन्शन कसलं घेता?" म्हणत त्यांनी त्याला फिजिशियनच्या रांगेत बसवलं आणि वर निघून गेल्या. विनंती राहिली, मीठ तेवढं बंद झालं.

*

तिसरी तारीख एका रविवारची निघाली. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी असेसर आले. हॉस्पिटलला क्वालिटीचं सर्टिफिकेट हवं असेल तर बाहेरून तपासणीला येतात ते असेसर. स्नेहलचा रजेचा अर्ज मॅडमकडे पडून. "असेसर जाऊ देत, मग बघू," एवढंच उत्तर. कळव्याचा हॉल घेतलेला, जेवण सांगितलेलं, आणि आमच्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

असेसर म्हणजे चष्मा कपाळावर ठेवणारे एक शांत गृहस्थ. वॉर्डात येऊन म्हणाले, "पेशंट चालता चालता बेशुद्ध पडला तर तुम्ही काय करता, ते करून दाखवा."

सरावाचा पुतळा दुरुस्तीला गेलेला. मोठे डॉक्टर मॅडमकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "मी पडते सर. या मुलींना धड बेशुद्धसुद्धा पडता येत नाही." आणि कॉरिडॉरमध्ये चादर अंथरून, कोट सारखा करून, त्या डोळे मिटून आडव्या झाल्या.

असेसरांनी बोट केलं ते नेमकं स्नेहलकडे. "तुम्ही या."

ती गुडघ्यांवर बसली. खांदे थोपटून हाका मारल्या, श्वास बघितला, नाडी बघितली. मी डॉक्टरांना फोन केल्याचं नाटक केलं, लिसी आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. सगळं बिनचूक.

"डॉक्टर येईपर्यंत काय कराल?" असेसरांनी विचारलं.

"पेशंटशी बोलत राहायचं सर. बेशुद्ध असला तरी त्याला ऐकू येत असतं. मॅडमनी शिकवलंय."

"मग बोला."

"घाबरू नका मॅडम, मी स्नेहल. तुम्ही वॉर्डात आहात. डॉक्टर येतायत." इथे ठरलेली वाक्यं संपली. असेसरांनी हाताने खूण केली, चालू द्या. स्नेहलने एकदा माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"मॅडम, परवा रविवार आहे. माझा साखरपुडा आहे. दोनदा पुढे गेलाय, आता गेला तर मोडेल. मुलगा चांगला आहे, मला तो हवाय. मी कधी तुमच्यासमोर एवढं बोलले नाही, कारण तुमची भीती वाटते. आज तुम्ही बेशुद्ध आहात म्हणून बोलतेय."

मॅडमची पापणी थरथरली. मोठे डॉक्टर असेसरांच्या कानाशी लागले, "किती नॅचरल बोलते ना?"

"छान," असेसर म्हणाले. "आता पेशंट सूचना पाळतो का बघा."

स्नेहलने मॅडमचा डावा हात हातात घेतला. "मॅडम, माझं ऐकू येत असेल आणि रविवारची रजा मंजूर असेल, तर माझा हात दाबा."

काही नाही.

"रिस्पॉन्स नाही सर," लिसी म्हणाली. "प्रोटोकॉलप्रमाणे आयसीयूत हलवते." तिने मॅडमचे पाय धरले, वॉर्डबॉयने खांदे धरले, आणि मॅडम जमिनीपासून वीतभर वर गेल्या.

"दाबला सर," स्नेहल म्हणाली.

मॅडमना खाली ठेवलं. स्नेहल सावकाश उठली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. दोन्ही हात तपासावे लागतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षाला शिकवतात. तिने मॅडमचा उजवा हात घेतला.

"मॅडम, तो हाफ डे झाला. फुल डे असेल तर हा दाबा."

असेसरांनी पेनाचं टोपण काढलं. "दोन्ही हातांची ताकद सारखी आहे का?"

"नाही सर," स्नेहल बोटं चोळत म्हणाली. "उजव्यात जास्त आहे."