पिंपळपानाची फाइल

आमच्या परंड्याच्या घरातील लोखंडी कपाटात माझ्या पत्रव्यवहाराच्या फाइली आहेत. वीजमंडळ, नगरपालिका, टपाल खाते, ज्याला ज्याला मी लिहिले त्या प्रत्येक पत्राची प्रत, तिच्यामागे टाचलेली पोचपावती. तालुक्याच्या न्यायालयात लिपिकाची नोकरी केलेला मनुष्य प्रत ठेवल्याशिवाय कागद हातावेगळा करीत नाही. मी एकाच गोष्टीची प्रत ठेवली नाही, आणि ती वस्तू माझी नव्हती.

माझ्या पत्नीने पन्नाशीनंतर कॉम्प्युटरवर भरतकामाची डिझाइने करण्याचे काम आत्मसात केले. सुई कोठे पडावी हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवायचे, ती फाइल पेन ड्राइव्हवरून मशीनला द्यायची, मशीन तसे भरते. दोन टाक्यांमध्ये अंतर किती, खाली आधाराचे टाके किती, दोऱ्याने कापड ओढले जाते म्हणून आकार किती वाढवून ठेवायचा, यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक सर्वसाधारण सेटिंग असते. बहुतेक लोक तेवढ्यावर भागवतात. ती कधीच भागवीत नसे. पौर्णिमेला विहारात जाताना आमच्या वस्तीतील बाया ज्या पांढऱ्या साड्या नेसतात, त्यांच्या पदरासाठी तिने पिंपळपान केले होते. पानाची मधली शीर दाट, कडेच्या शिरा विरळ, शेंडा त्याहूनही विरळ, कारण पातळ सुती कापड तेथेच आक्रसते. अशी अकरा पाने तिने केली, प्रत्येक वेगळ्या पोताच्या कापडासाठी, आणि सर्व एकाच फाइलमध्ये ठेवली. मी एकदा हरकत घेतली होती.

"एका झाडाची पानं येगयेगळ्या डब्यात कशाला ठिवायची?" असे तिचे उत्तर होते.

गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवा हात गेला. मशीनपुढच्या खुर्चीवर मी बसू लागलो.

वस्तीतील एका शिक्षिकाबाईंना जाड कापडाच्या पिशव्यांवर तेच पान हवे होते. मी एक पान भरून पाहिले. टाक्यांमधून पिशवीचे कापड डोकावत होते. मी ती अकरा पानांची फाइल उघडलेली असतानाच सर्वसाधारण सेटिंगमध्ये गेलो आणि टाक्यांमधील अंतर कमी केले. माझ्या मनात किंचितही शंका नव्हती. नियम बदलला तर तो बदलल्या दिवसापासून लागू होतो. आधीच्या नियमाखाली जे पूर्ण झाले त्याला, तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर, तो हात लावीत नाही. हे तत्त्व माझ्या हाडात मुरलेले आहे. खात्री आहे काय, असे सॉफ्टवेअरने विचारले. मला खात्री होती. त्याच नावाने फाइल जतन केली आणि पेन ड्राइव्हवरील जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी टाकली. मला पसारा खपत नाही.

पिशव्या उत्तम झाल्या. आठ दिवसांनी पहिली पांढरी साडी रिंगमध्ये ताणली. सुई एकाच जागी ठोके देत राहिली, भोवतीचे कापड गोळा होत गेले आणि शेंड्यापाशी भोक पडले. कापड मी पत्नीकडे नेले. तिने डाव्या हाताच्या बोटांनी पान चाचपले.

"हे कुणाचं?"

"तुझंच."

"माझं न्हाय. माझं पान पापडावानी कडक नसतंय." मग कापड माझ्याकडे सरकवून, "तुमी काय केलं?"

मी सांगितले. उरलेली दहा पाने मी पडद्यावर एकेक करून तपासली. सर्वांचे आकडे एकच झाले होते.

विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला मी फोन केला.

"काका, ते ग्लोबल सेटिंग आहे. ग्लोबल म्हणजे सगळंच आलं की."

"पूर्वी केलेलंसुद्धा?"

"मशीनला पूर्वी-नंतर काय कळतंय, काका. जुनी कॉपी असंल की तुमच्याकडं?"

मी फोन ठेवला आणि कंपनीला पत्र लिहिले. पूर्वलक्षी परिणाम करणाऱ्या बदलाची पूर्वसूचना स्पष्ट शब्दांत न देणे ही सेवेतील त्रुटी होय, असे माझे म्हणणे नऊ परिच्छेदांत मांडले. उत्तर दोन ओळींचे आले. त्यात माहितीपुस्तिकेच्या पानाचा क्रमांक होता. हमीपत्राच्या आणि बिलाच्या अटी मी भिंगाने वाचल्या होत्या. पुस्तिका मात्र पत्नीच्या खात्यातली म्हणून कधी उघडली नव्हती. त्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत सर्व लिहिलेले होते. दुसरे पत्र मी लिहिले नाही. प्रतिवादी म्हणून घालायला माझ्याखेरीज नाव उरले नव्हते.

"शेंड्याला अंतर किती होतं?" मी तिला विचारले.

"कापड हातात घ्यायचं, मग ठरवायचं."

"आकडा सांग."

"आकडा कुठं पाठ होता मला? हाताला कळायचं."

शिक्षिकाबाईंनी पत्नीने पूर्वी पान भरून दिलेली आपली जुनी साडी आणून दिली. धुऊन धुऊन दोरा फुलला होता. दोन टाक्यांमधली फट भिंगातूनही दिसेना. तेव्हापासून मी रोज दुपारी आकडे बदलतो, जुन्या धोतराच्या तुकड्यावर पान भरतो आणि तिच्या अंथरुणाशी नेतो. प्रत्येक तुकड्यावर आकडे व तारीख लिहितो. ती शेंड्यावरून अंगठा फिरवते आणि "न्हाय" म्हणते. कधी म्हणते, "आज भोक तरी न्हाय पडलं." एकदा म्हणाली, "कोर्टात बरं हुतं तुमचं, तारीख तर मिळायची."

काल नेलेला तुकडा तिने चाचपला आणि शेंड्यापर्यंत पोचण्याआधीच हात उचलला.

"व्हय," ती म्हणाली. "हेच हुतं."

"नीट बघ."

"बघितलं की. झालं आता. बसा जरा."

साक्ष लवकर संपावी म्हणून होकार देणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली आहेत. मी "बरं" म्हणालो. तुकड्यावर कालची तारीख घातली. आकडे लिहिले नाहीत. तो बाकीच्या तुकड्यांबरोबर टाचला आणि तिच्याजवळ बसून राहिलो.