गॅरेजमधला नारळाचा भात

विहीणबाईंचं विमान संध्याकाळी उतरणार होतं आणि भर दुपारी माझ्या पातेल्यात भाताऐवजी पेज झाली होती.

सुनेचा हात प्लास्टरमध्ये होता. मुलगा ऑफिसातून परस्पर एअरपोर्टला जाणार होता. सून नायजेरियातल्या कॅलाबारची, एफिक जमातीची. तिची आई पहिल्यांदाच आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरी येत होती. ती आली की तिच्यासमोर तिच्याकडचा नारळाचा भात ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. तोही आमच्या स्वयंपाकघरात शिजवून. कारण आजवर तो भात या घरात शिजला तो फक्त गॅरेजमध्ये.

त्या भातात सुक्या कोळंबीची पूड पडते. त्यांच्याकडे तिला क्रेफिश म्हणतात. सून नवीन होती तेव्हा इथल्या मराठी मंडळातले काही लोक जेवायला आले होते, त्यातल्या एकाने दारातच नाक मुरडलं. दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये फ्रीझरशेजारी एक जुनी इलेक्ट्रिक शेगडी मांडली गेली. कोणी विचारलं की मी सांगायचो, "आमच्या हिला वास चालत नाही, घरात देव आहेत." बायको पुण्याची, शाकाहारी. सगळ्यांना पटायचं.

ते खरं नव्हतं. शेगडी मी मांडली होती. बायको एवढंच म्हणाली होती, "अहो, एवढ्या थंडीत तिला तिथे कशाला उभी करता?" ती जाऊन बरीच वर्षं झाली. शेगडी अजून गॅरेजमध्येच आहे आणि दोष अजून तिच्याच नावावर.

त्यात मी कोकणातला. सुकट भाजल्याच्या वासावर लहानाचा मोठा झालो. तो वास मला मनापासून आवडतो. मंडळातल्या डॉक्टरलोकांना हे कळू नये, एवढ्यासाठी मी सुनेला गारठ्यात उभी केली.

तर ती पेज. सून स्टुलावर बसून सूचना देत होती. आमचं बोलणं इंग्रजीतच, अधूनमधून तिचं मराठी.

"बाबा, नारळाचं दूध कधी घातलं?"

"शेवटी. घट्ट दूध उकळायचं नसतं, फुटतं."

"कोण म्हणालं?"

"माझी आई म्हणायची."

"तुमची आई कॅलाबारची होती?"

मी चिडलो. आयुष्यभर आमटीत, कालवणात घट्ट दूध शेवटी घातलेलं पाहिलं होतं. म्हणून तांदूळ पाण्यात शिजवले आणि वरून दूध ओतलं. त्यांच्याकडे तांदूळ अर्धा कच्चा उकडून निथळवतात आणि पुढे दुधातच शिजवतात. हे तिने सकाळी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, ऐकलं नव्हतं.

पुन्हा नारळ फोडले, खवले, मिक्सरमधून काढून फडक्यात पिळले. बोटं दुखायला लागली. कांदा करपला, स्मोक अलार्म कोकलू लागला. मी खुर्चीवर चढून त्याच्यापुढे टॉवेल हलवत राहिलो आणि खाली सून हसत राहिली.

"आता क्रेफिश. दोन मुठी. चमचा नाही, बाबा, मूठ!"

"घालतोय ना!"

तिची पाठ वळल्यावर मी चमचाभरच घातली. खिडकी उघडली, गॅसवरचा, वास ओढून घेणारा पंखा पूर्ण जोरात लावला. कोण येणार होतं नाक मुरडायला? कोणीच नाही. तरी मूठ भरायला हात धजेना.

विहीणबाई आल्या. दारात पुन्हा पाया पडू पाहणाऱ्या मुलाला त्यांनी मिठी मारली, मग जेवायला बसल्या. पहिला घास सावकाश चावला आणि अगदी अदबीने विचारलं, "इथे क्रेफिश मिळत नाही का?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं.

"मिळते," मी म्हणालो. "घरात पिशवी भरलेली आहे. मीच कमी घातली, वासाला घाबरून." आणि मग गॅरेज सांगितलं, शेगडी सांगितली. नियम माझा होता, बायकोचा नव्हता, हेही सांगितलं. मुलाचा चमचा ताटात तसाच राहिला. त्याने इतकी वर्षं आईला दोष दिला होता.

सून शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं. मी शिजवायला लागले की दर वेळी तुम्ही गॅरेजमध्ये पक्कड शोधायला यायचात आणि वास घेत उभे राहायचात. पक्कड तर किचनमध्ये असते."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलायचं?"

विहीणबाई उठल्या, त्यांनी पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं, पिशवी मागून घेतली आणि मूठ भरून पूड भातात टाकली. पाठोपाठ दुसरी मूठ. वाफेबरोबर तो वास उठला, पार जिन्यापर्यंत गेला.

माझा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला. मी तो मागे घेतला, पण सुनेने पाहिलं होतं.