भोंग्यातून निघालेला देव

"उतर खाली! उतर म्हन्तो ना बे. देवाले पकड लावून राहिला?"

मुकादमाचा आवाज असा की कापसाच्या जिनिंगची सगळी यंत्रं चालू असतानाही तो रेल्वे फाटकापर्यंत जायचा. मी शिडीच्या टोकावर होतो. एका हातात पकड, दुसऱ्या हातात पत्र्याची पट्टी. नाकासमोर, यंत्रात कापूस सोडायच्या लोखंडी उताराला चिकटलेला एक चुंबक होता, कुंकवाने लाल झालेला, झेंडूचा हार घातलेला. त्याला खिळ्यांची आणि कापसाच्या तंतूंची हातभर दाढी आली होती. उताराच्या तोंडाशी, ओट्यावर, माझी माय टोपली धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"देव नाही, चुंबक हाय," मी वरूनच म्हणालो. "मीच लावला. मीच साफ करतो."

"लावला तवा चुंबक होता. आता पूजा झाली. तुम्हा लोकाइचा हात नाही लागाचा त्याले."

तुम्हा लोकाइचा म्हणजे कोणाचा, हे पांढुर्ण्यात कोणी कोणाला समजावून सांगत नाही. मायबापाने नागपुरात दीक्षा घेतली आणि परत येताना घरातले सगळे देव जाम नदीत सोडले. आमच्या घरी देवळी होती, तिच्यात माय मीठ-मिरची ठेवायची. पण देव सोडले म्हणून मुकादमाने आम्हाला सोडलं नव्हतं.

"पुन्हा चढला त मायलेकराचं दोघाइचंबी काम बंद," तो म्हणाला. मायने मान हलवून मला उतरायची खूण केली. मी उतरलो.

आता हा देव आला कुठून ते सांगतो.

आमचे हेडमिस्त्री म्हातारे, अंगाने खारकेसारखे वाळलेले. पावसाळ्यात जिनिंग बंद असायची. तेव्हा तेल-ग्रीस करून उरलेला वेळ त्यांनी आम्हा फिटर लोकांना मोकळा सोडला होता. शेडच्या मागच्या भिंतीवर त्यांनी मोडकं सामान टांगून ठेवलं होतं. शिलाई मशीनचं पायडल, पंख्याची पाती, सायकलचं चाक, बंद पडलेला पंप. भंगारवाला आला की ते त्याच्या अंगावर धावून जात.

"लटकू द्या," ते म्हणायचे. "हात रिकामा असला का डोये तिकडे जाते. दोन मोडक्या वस्तू शेजारी लटकल्या का त्याइचं लग्न लावाचं मन होते."

मी लावलेल्या बहुतेक लग्नांचा काडीमोड झाला. पायडलवर चालणारं संत्रा सोलायचं यंत्र केलं, तर रस असा उडाला की छत गोड झालं आणि सौंसर तहसीलच्या एकूणएक मधमाश्या जिनिंगवर मोर्चा घेऊन आल्या. सायकलच्या चाकाचा पंखा केला, तर पहिल्याच फेरीत मिस्त्रींची टोपी उडाली. ती मोहगावच्या बाजारात एक माणूस विकत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्री रागावत नसत. "काय शिकला?" एवढंच विचारत. काहीच नाही म्हटलं तरी चहा पाजत. असा साहेब मी पुन्हा पाहिला नाही.

एकदा ऐन हंगामात एक भोंगा माझ्याकडे दुरुस्तीला आला. लग्नाच्या वरातीत तो बैलाच्या पायाखाली सापडला होता. उघडून पाहिलं तर आतला पडदा फाटलेला, बुडातला चुंबक तेवढा शाबूत. तेवढ्यात मिस्त्रींनी हाक मारली. हातातला चुंबक मी समोरच्या उताराच्या पत्र्याला चिकटवला आणि विसरलो.

उतार म्हणजे पत्र्याची मोठी घसरगुंडी. बाया वरच्या ओट्यावरून टोपली ओतायच्या आणि कापूस तिच्यावरून यंत्राच्या तोंडात जायचा. दुसऱ्या दिवशी पाहतो तर चुंबकाला काटे फुटलेले. बैलांच्या नालांचे खिळे, विळ्याचं टोक, सायकलची तार, कोणा बाईची केसांतली पिन, आणि एक किल्ली. कापूस शेतातून निघतो, बैलबंडीतून येतो, वाटेत जे सापडेल ते पोटात घेऊन येतो. तेच लोखंड यंत्रात जाऊन आपटलं की ठिणगी पडते, आणि कापसाला ठिणगी पुरे. आमच्याकडे दर हंगामात आग लागायची. वाळूच्या बादल्या घेऊन धावणं हे आमच्या कामातच धरलेलं होतं.

मिस्त्रींनी चुंबकावरचा एक खिळा ओढून काढला आणि पुन्हा चिकटू दिला.

"हे तू शोधलं नाही," ते म्हणाले. "तुले सापडलं. पन सापडाले बी कोनी मांगं वयून पाहावं लागते."

त्या हंगामात मी रोज संध्याकाळी शिडी लावून चुंबक खरवडायचो आणि मूठभर लोखंड काढायचो. आग एकदाही लागली नाही. येत्या पावसाळ्यात मोठे चुंबक लावू, त्यांना खणासारखं ओढून बाहेर काढता येईल असं करू, म्हणजे शिडीच नको, असं मिस्त्रींनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं.

मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हतो. सावरगावच्या पुलाजवळच्या टपरीवर मी सांगत सुटलो, की आमच्या चुंबकापायी इटारसीची गाडी पांढुर्ण्याला ब्रेक न लावता थांबते. सावरगावच्या लोहाराची ऐरण रात्रीतून नदीकडे सरकली. मुकादमाच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चुंबकाने ओढला आणि मागोमाग मुकादम उताराला चिकटला, त्याला चार जणांनी सोडवला. लोक हसायचे, आणखी एक चहा सांगायचे. पण गोष्ट गावातून फिरून जिनिंगवर परत आली तेव्हा तिच्यातलं हसू वाटेत गळून गेलं होतं. बाया मला विचारू लागल्या, "खरंच का जी, तो आग पिऊन घेते?"

मी म्हणालो, "पिते."

पुढच्या पावसाळ्यात मिस्त्रींचा दमा उफाळला. जन्मभर नाकात गेलेला कापूस बाहेर यायला मागत होता. ते घरी बसले. भिंतीवरचं सामान जिनिंगच्या मालकाने, शेठजींनी, भंगारात घातलं आणि भिंतीला चुना दिला. खडूचं चित्र झाडू मारणाऱ्याने पुसलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा मुकादमाने चुंबकालाही कुंकू लावलं, नारळ फोडला, शेठजींनी हात जोडले. हंगाम सुरू झाला तसा बाया आधी चुंबकाला नमस्कार करायच्या आणि मग टोपली ओतायच्या.

घरी माय भाकरी थापता थापता म्हणाली, "आमी देव नदीत सोडले, अन् तू नवा करून आला."

"मी नाही केला, माय."

"मंग कोनं केला? टपरीवर कोन बसते?"

देवाला हात लावायला मला बंदी झाली. खरवडणं थांबलं. दाढी वाढू लागली. भरलेला चुंबक नवं लोखंड धरत नाही. आणि जे धरलंय ते एवढ्या वजनाचं झालं की एक दिवस झुपकाच्या झुपका सुटून यंत्रात जाणार, हे मला दिसत होतं. एकेक खिळ्याची आग वेगळी आणि हातभर झुपक्याची वेगळी. म्हणून मी त्या दिवशी शिडी लावली होती.

खाली उतरल्यावर मी मुकादमाला म्हणालो, "माह्या हाताचा विटाळ होते ना? मंग तुमी खरवडा. मी खालून सांगतो."

"देवाची दाढी कोन काढते बे?"

"पडन ते सगळं यंत्रात. आग लागन."

"अन् इटारसीची गाडीबी थांबन," तो म्हणाला, आणि ओट्यावरच्या बाया हसल्या. गेलं वर्षभर मी जे जे रचून सांगितलं ते त्यांनी खरं धरलं होतं. हे एवढंच थापेत जमा झालं.

मायला मी म्हटलं, उताराच्या तोंडावरची जागा सोड, मागं कापसाच्या गंजीवर काम माग.

"मले कोन देऊन राहिलं दुसरं काम?" ती म्हणाली. "मागून पाह्यलं. म्हन्ते, तुया पोरानं भांडन केलं, आहे तिथंच उभी राह्य." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "मी पाहीन त्याच्याकडे. हाललं काही त बाजूले होईन."

इथून पुढे मी काही वाढवून सांगत नाही.

दुपारचं जेवण होऊन यंत्रं पुन्हा सुरू झाली होती. सकाळच्या धुक्याने ओला झालेला कापूस आला होता, जड. मायने टोपली ओतली. तो ढीग उतारावरून जाताना चुंबकाला घासला आणि दाढी तुटली. मी पलीकडच्या यंत्रावर होतो. डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज आला. कापसाची आग आधी दिसत नाही, ती आतून पळते. ती उतारावरून उलटी वर आली आणि ओट्यावरच्या गंजीत शिरली. माय बाजूला झाली होती, पण मागे गंजी होती. मी पोचलो तेव्हा तिच्या लुगड्यावर दोन बाया वाळू टाकत होत्या, आणि तिसरी चुंबकाकडे बघून हात जोडून उभी होती.

मायला नागपूरला नेलं. गाडीत ती शुद्धीत होती. पाणी मागत होती आणि द्यायचं नाही असं सांगितलेलं होतं. ती नागपुरातच गेली. टपरीवरचे लोक अजून म्हणतात, मंग सांग ना पुढचं. पुढचं एवढंच आहे.

मायचं पुण्यानुमोदन करून मी कामावर गेलो. भिंती काळ्या होत्या, उताराला नवा पत्रा लागला होता. आणि त्या पत्र्यावर तोच चुंबक होता, तारेने बांधलेला. राखेतून काढून, धुऊन, त्याला पुन्हा कुंकू लावलं होतं, नवा हार घातला होता. ओट्यावर मायच्या जागी दुसरी एक बाई टोपली घेऊन उभी होती. तिने नमस्कार केला आणि टोपली ओतली.

मी शिडी लावली. या खेपेला कोणी ओरडलं नाही. खिशातून एक खिळा काढून चुंबकाला लावला. तो खाली पडला. दुसरा लावला, तोही पडला. लोखंड फार तापलं की त्यातला चुंबकाचा गुण निघून जातो, हे मिस्त्रींनी शिकवलं होतं.

मुकादम शिडीच्या पायाशी येऊन उभा होता. खिळे त्याच्या चपलेजवळ पडले होते.

"मुकादम, याच्यात आता काहीच नाही," मी म्हणालो. "एक खिळा धरत नाही हा."

त्याने खिळ्यांकडे पाहिलं.

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "राहू दे. त्याच्याबिगर बाया तिथं उभ्या राहत नाही."