झाकण ठेवून घेणाऱ्या सिस्टर

आमच्या सिस्टर पेशंटच्या डब्याचं झाकण ठेवून घ्यायच्या. खोटं वाटेल, पण लातूरच्या त्या छोट्याशा प्रसूतिगृहात गोळ्या घेऊन गर्भपात करायला आलेल्या प्रत्येक बाईला त्या निघताना सांगत, "डबा ने. झाकण पंधराव्या दिवशी." निलंग्याहून, किल्लारीहून एसटीनं येणारी बाई भाकरीचा डबा आणणारच, आणि गोळ्या घेतल्या की काम झालं असं समजून पुन्हा फिरकणार नाही, हेही ठरलेलं. सिस्टरांचं म्हणणं होतं, "बाई एक वेळ सोताच्या जिवाला विसरंल, स्टीलच्या झाकणाला न्हाई." आणि खरंच, बायका झाकणासाठी येत आणि तपासून घेऊन जात.

डॉक्टर बाई कमी बोलत. त्यांचं उरलेलं बोलणं सिस्टर भरून काढत. "कळा येतील, गाठी पडतील, भ्यायचं न्हाई. पण तासाला दोन-दोन पॅड भिजले, अन् असं दोन तास चाललं, तर रिक्षा करायची अन् निघायचं. ताप राहिला, घाण वास आला, तरी यायचं. सासूची परवानगी नंतर काढायची." हे सगळं त्या पाढ्यासारखं म्हणवून घेत. एका बाईनं ते बिनचूक म्हणून दाखवलं आणि विचारलं, "अन् वांगं चालतंय का?" सिस्टर म्हणाल्या, "वांगं खा, बटाटा खा. हंडा उचलू नको अन् नवऱ्याला थोडे दिवस लांब ठेव. ऐकत नसंल तर माझ्याकडं पाठव." पुढच्या पाळीआधीही दिवस राहू शकतात, म्हणून तांबी की पाळणा लांबवायच्या गोळ्या हेही त्या तिथंच ठरवायला लावत.

माझी त्यांच्याशी गाठ पडली तेव्हा भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि लातुरात बारावीच्या क्लासेसचं पेव फुटलं होतं. आम्ही घरीच मेस चालवायचो. नांदेड, हदगाव, कुठकुठची पोरं. दोन्ही वेळचे चाळीस डबे. पदरात दोन मुली, धाकटी अजून अंगावर पीत होती, आणि मला पुन्हा दिवस राहिले. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी नातवाचं बारसंच ठरवलं असतं, म्हणून त्यांना सांगितलंच नाही.

दवाखान्यात कागद पुढे आला तशी मी नवऱ्याला बाहेरून बोलवायला उठले. सिस्टर म्हणाल्या, "त्याला कशाला? पोट तुझं, सही तुझी." मी सही केली. डबा पोचवायच्या निमित्तानं घरून निघाले होते, तेव्हा माझंही झाकण ठेवून घेतलं त्यांनी.

पण त्यांची युक्ती इथं फसली. माझ्याकडे चाळीस डबे! एका झाकणाची काय मातब्बरी? उघड्या डब्यावर मी एक ताटली घातली आणि विसरून गेले. पहिले आठ दिवस बरे गेले. मग थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू झालं, अंगात कणकण राहायला लागली. पोरांची बोर्डाची परीक्षा तोंडावर, उन्हाळा लागलेला. तापाची गोळी घ्यायची आणि पोळ्या लाटायच्या, असं चाललं होतं. सिस्टरांनी म्हणवून घेतलेलं सगळं तोंडपाठ होतं हो, पण ते इतर बायकांसाठी, असं मला का वाटत होतं कोण जाणे. पंधरावा दिवस आला नि गेला.

सतराव्या दिवशी दुपारी सिस्टर आमच्या दारात उभ्या. झाकणावर मेसचं नाव कोरलेलं होतं, तेवढ्यावर विचारत विचारत आल्या होत्या. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. पण त्या सासूबाईंना म्हणाल्या, "मावशी, भाच्याला डबा लावायचाय. सैपाक कोण करतंय?" आणि सरळ स्वयंपाकघरात आल्या. माझ्या कपाळाला हात लावला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"हिच्या अंगात रक्त न्हाई, अन् ही पोळ्या लाटायलीय? मी दवाखान्यात नर्स हाय मावशी. हिला तपासून आणते."

"अन् रातचे डबे?" सासूबाईंनी विचारलं.

"ते तुम्ही अन् तुमचा लेक करा. ही आडवी झाली तर रोजच करावं लागतंय."

सासूबाईंना असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्या निमूट पोळपाटाशी बसल्या.

सोनोग्राफीत पिशवीत थोडं राहिलेलं दिसलं आणि संसर्ग सुरू झाला होता. डॉक्टर बाईंनी त्याच संध्याकाळी पिशवी साफ केली, सलाईन लावलं. अजून चार दिवस अंगावर काढलं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं त्या म्हणाल्या. दोन मुली डोळ्यांसमोर आल्या आणि मी रडायलाच लागले. म्हटलं, "सिस्टर, रागवा मला."

रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि त्यांच्या अक्काचं सांगितलं. किल्लारीच्या दगडामातीतून अक्का जिवंत निघाली होती. बसली, चहा प्याली, म्हणाली मला काही झालं न्हाई. "निघाली म्हणून समदे खूश. मी बी. नर्स असून तिच्याकडं परत बगितलं न्हाई, दुसऱ्याला काढायला गेले. तिसऱ्या दिवशी गेली की ती. आतून मार लागलेला." मग माझ्या सलाईनची गती बघून म्हणाल्या, "वाचलं म्हणून सोडून द्यायचं नसतंय माणसाला." त्यानंतर मी दोनदा तपासणीला गेले, दोन्ही वेळा बोलावण्याआधी. तांबी बसवली, महिन्याभरात पूर्ण बरी झाले.

पुढे एकदा गंजगोलाईच्या बाजारात त्या दिसल्या. मी हरखून हात केला, तर बाई माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून कोथिंबीर निवडत राहिल्या. मला वाईट वाटलं. नंतर कळलं की दवाखान्यात येऊन गेलेल्या कुठल्याच बाईला त्या रस्त्यात ओळख दाखवत नसत. सोबत कोण असेल, काय विचारेल, याचा भरवसा नाही म्हणून. मग मीही तशीच त्यांच्या शेजारून जायला शिकले.

गेल्या वर्षी त्या वारल्याचं पेपरात वाचलं. थोरल्या मुलीला म्हटलं, मला त्यांच्या घरी सोड. ती माझ्यासोबत आतच आली. सतरंजीवर आठ-दहा बायका बसल्या होत्या. कोणी शिक्षिका वाटावी, कोणी शेतातून उठून आलेली. सिस्टरांची सून एकेकीला विचारत होती, "तुमची ओळख कशी?" आणि प्रत्येक जण म्हणत होती, "असंच. ओळखीच्या होत्या." सून पार गोंधळली होती. तिच्या सासूला इतक्या मैत्रिणी, आणि एकीचंही नाव कधी घरात निघालं नव्हतं.

माझ्यापर्यंत आली. शेजारी माझी मुलगी. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण खोटं सांगून त्या बाईच्या घरातून उठायचं मला जमेना.

"मी त्यांची पेशंट," मी म्हणाले. "तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, मला नको होतं. गोळ्या घेतल्या आणि नंतरचं दुखणं अंगावर काढलं. सिस्टर माझ्या घरी आल्या, म्हणून मी आज इथं बसलेय."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग जरा सरकून मला टेकून बसली. भिंतीकडच्या म्हाताऱ्या बाईनं पदरानं डोळे पुसले. "माझं बी तेच," ती म्हणाली. दाराजवळची शिक्षिका म्हणाली, "मीही."

सून खाली बसली. "आम्हाला कधीच काही बोलल्या नाहीत हो त्या," ती म्हणाली. "सांगा ना."

आणि आम्ही सगळ्याजणी पहिल्यांदाच एकमेकींदेखत सांगायला लागलो.