दोन घरांचा कापूस

पारोळ्यात किल्ल्याच्या खंदकाकडे जाणाऱ्या गल्लीत रईसाआपांचं गाद्यांचं दुकान आहे. जुनी गादी आली की आपा आधी तिचं तोंड उसवतात. मूठभर कापूस काढून नाकाशी नेतात. मग निकाल देतात.

"ही बाळंतिणीच्या खोलीतली."

किंवा, "हिच्यात मध्येच कुणी सावरीचा कापूस कोंबलाय. कुणाचे उद्योग?"

गिऱ्हाईक ओशाळतं. कारण ते खरंच असतं.

पिंजाऱ्याच्या घरात एक नियम असतो. दोन घरांचा कापूस मिसळायचा नाही. ज्या घरची गादी, त्याच घरचा कापूस तिच्यात परत जायचा. आपांचे वडील नूर महंमद म्हणत, "बेटा, कपास को अपना घर मालूम रहता." आपांनी हा नियम गाद्यांना लावला. आणि पन्नास वर्षं शब्दांनाही लावला.

ते शब्द खान्देशातले नाहीत.

आपा अकरा वर्षांच्या झाल्यापासून दर उन्हाळ्यात बापाबरोबर धुळ्याला जात. तिथे मिशनचा एक दवाखाना होता. नूर महंमद आवारात पिंजण लावून उशांचा कापूस पिंजत आणि पोर उशा शिवी. उशा मोजून घ्यायला दोन परदेशी नर्सबाई येत. एक वेल्सची, एलिनेड. दुसरी आयर्लंडची, नोरा. दोघी एकमेकींशी इंग्रजीत बोलत, पण मोजायला लागल्या की आपापल्या भाषेत शिरत. आणि मोजत आळीपाळीने. एक अंक हिचा, एक तिचा. पोरीचं काम एवढंच, अंक ऐकला की उशी उचलून दुसऱ्या ढिगावर ठेवायची. दहा झाल्या की एलिनेड टाळी वाजवून म्हणे, "झालं!" तिला तेवढंच मराठी येत होतं.

ईन, दो, त्री, कॅहर, पिम्प. एलिनेडने सुरुवात केली की असं. नोराने केली की एन, दाय, त्री, पेद्वार, कूग.

तिसऱ्या उन्हाळ्यात पोरीने उशी हातात धरून एलिनेडला विचारलं, "बाई, तुम्ही जिथं प म्हणता, तिथं या बाई क का म्हणतात?"

दुभाषा म्हणून वॉर्डबॉय होता. त्याने प्रश्न सांगितला. दोघी नर्सबाया पोरीकडे बघतच राहिल्या. नोराने स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, "क्यान." एलिनेडने आपल्या डोक्यावर मारली. "पेन." दोन्हींचा अर्थ डोकं. मग नोरा म्हणाली "मॅक", एलिनेड म्हणाली "माब". दोन्हींचा अर्थ मुलगा. त्या दिवशी उशा मोजायच्या राहून गेल्या.

आपांची शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं त्या एलिनेडकडून शिकल्या, तीही पाटीवर नव्हे. दवाखान्याच्या अभ्र्यांवर दोऱ्याने खुणेची अक्षरं काढावी लागत, तिथे. म्हणून आजही आपा परदेशी शब्द पेनने लिहीत नाहीत. शिवतात.

एलिनेड मायदेशी गेली, पण पत्रं येत राहिली. मग एक शब्दकोश आला. मग दुसरा. आपांचं लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, पिंजणाच्या जागी यंत्र आलं. दुपारचं काम संपलं की आपा गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा एक तुकडा घेत आणि त्यावर एक शब्द त्याच्या सगळ्या बहिणींसकट शिवत. केल्टिक म्हणून भाषांचं एक कुटुंब आहे. त्यातल्या सहा भाषा आज थोड्याफार बोलल्या जातात. आयरिश हिरव्या दोऱ्यात, वेल्श लाल, ब्रेटन निळ्या. स्कॉटलंडची गेलिक जांभळी. कॉर्नवॉलची काळी, मॅन बेटाची पिवळी.

मिठाचा तुकडा बघावा. आयरिश आणि गेलिक सालन, मॅन बेटावर सोलन. वेल्श हालेन, ब्रेटन होलेन, कॉर्निश होलन. तिघी स म्हणतात, तिघी ह. आपांना याचं नवल वाटलं नाही. पश्चिमेकडून कपाशी वेचायला येणारे काही भिल्ल मजूर सातला हात म्हणत, ते त्यांनी लहानपणीच ऐकलं होतं.

एकदाच त्या फसल्या. मासा. आयरिश ईस्क, वेल्श पिस्गोद. विशीतल्या रईसाला वाटलं, किती सुंदर जोडी! पक्क्या टाक्याने शिवली आणि पत्रात कळवली. चार महिन्यांनी एलिनेडचं उत्तर आलं. "रईसा, माझा प आहे, मग नोराचा क कुठे आहे?" पुढे लिहिलं होतं की आयरिशचा मासा घरचा, पण वेल्शचा रोमनांकडून आलेला. ते राज्य करायला आले आणि शब्द ठेवून गेले.

आपांनी तो टाका उसवला. दोन घरांचा कापूस आपल्याच हाताने मिसळला गेला, याची त्यांना आजही लाज वाटते. तेव्हापासून नवा शब्द आधी कच्च्या टाक्याने. खात्री पटली की पक्का. काही शब्द वीस वर्षं कच्चे राहिले आहेत.

दोन वर्षांपूर्वी दिपमाला नावाची एक एम.ए. झालेली मुलगी वसतिगृहातली गादी घेऊन दुकानात आली. मागच्या खोलीत तिला पलंगभर पसरलेली, कापूस भरलेली गोधडी दिसली. चारशेच्या वर तुकडे. तिने जवळ जाऊन वाचलं आणि मटकन खाली बसली.

"आपा, हे काय आहे?"

"शब्द आहेत. बस, चहा घे."

"मला भाषाशास्त्राचा पेपर होता हो. चाळीस मार्क पडले."

"मग गादी दुसरीकडे टाक," आपा म्हणाल्या. "माझी शिस्त झेपायची नाही तुला."

त्या दिवसापासून दिपमाला रोज येऊ लागली. आपांच्या फोनवर नवे कोश उतरवून देणं, वेल्सला मेसेज पाठवणं, ही कामं तिची.

मागच्या दिवाळीनंतर वेल्सहून मेसेज आला. एलिनेडच्या पुतणीचा. आत्या नव्वदीला टेकली आहे, वृद्धाश्रमात आहे. दृष्टी पूर्ण गेली. हल्ली सारखं विचारते, ती उशीवाली पोर काय करते?

मेसेज ऐकून आपा गोधडीपाशी गेल्या. मग त्यांनी गोधडीवरचा एक तुकडा चाचपला. वेल्शमध्ये हाइल म्हणजे सूर्य. आयरिशमध्ये सूल म्हणजे डोळा. फार मागे गेलं तर दोन्ही एकाच घरचे. जाणकार तसं मानतात, आपांचाही टाका तिथे पक्का होता.

"फोटो पाठवू?" दिपमालाने विचारलं.

"आंधळ्या माणसाला फोटो पाठवतेस होय? दोरा बोटाला लागतो. गोधडीच गेली पाहिजे. आणि ती आहे तोवर गेली पाहिजे."

पण गोधडी जाडजूड, सहा किलोंची. पार्सलच्या मापात बसेना, म्हणून पोस्टात कुणी घेईना. तेव्हा सावद्याचे केळीचे व्यापारी रुपचंदशेठ गोधडीचं ऐकून स्वतःहून दुकानात आले. त्यांचा पुतण्या तेजस जानेवारीत इंग्लंडला जाणार होता. "तो घेऊन जाईल, अक्का. हातोहात पोचवेल. फक्त त्याआधी धुळ्याला आपला बोलीचा मेळावा शे. तिथं ही गोधडी लावू. आणि मधोमध आपली अहिराणी टाका. मोठ्ठं 'माय' लिहा. तिथून चहूकडे बाण."

"शेठ, माय नाही हो. फार लांबची चुलत बहीण."

"चुलत बहिणीला कोण हार घालतं?"

आपा हसल्या. शेठ हसले नाहीत. "सहाला ते आयरिश लोक शे म्हणतात ना? मग! आपलंच शे ते."

"त्यांचं शे म्हणजे सहा. आपलं शे म्हणजे आहे. या गल्लीत तीन नूर महंमद आहेत, शेठ. भाऊ नाहीत ते."

शेठ बाजूच्या गादीवर टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "अक्का, मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा तोंड उघडलं की वर्ग हसायचा. दोन वर्षं मी वर्गात बोललो नाही. एकदा, फक्त एकदा आपली बोली वरच्या पाटावर बसलेली बघायची शे मला."

शेठचं दुखणं आपांना कळत होतं. आणि एलिनेड नव्वदीची होती.

गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की कच्चा टाका घालून द्यायचा, नंतर उसवायचा, ही धंद्यातली जुनी रीत. आपांनी मधोमध जागा करून वेगळा तुकडा जोडला. 'माय' शिवलं, बाण शिवले. सगळं कच्च्या टाक्याने. एक दोरा ओढला की सुटेल असं.

दिपमालाने पाहिलं. तिने बाणांवरून बोट फिरवलं. आपाच म्हणाल्या, "चार तासांचा तर प्रश्न आहे."

धुळ्याला मंडप भरला. गोधडी व्यासपीठामागे टांगली होती. लोक रांगेने येत आणि फोटो काढत. आपा पहिल्या रांगेत बसून बघत होत्या. प्रत्येक फोन मधोमध जात होता. मिठापाशी कुणी थांबलं नाही. सूर्यापाशीही नाही.

शेजारी धनसिंग नावाचे एक म्हातारे बसले होते, शिरपूरकडचे. ते वाकून म्हणाले, "अक्का, हाई बठ्ठं खरं शे ना? मना नातूले शाळामा पोरं हसतंस. उद्या त्याले सांगस मी, तुनी बोली बठ्ठासनी माय शे."

आपांनी मान वळवून गोधडीकडे पाहिलं. तो नातू वर्गात उभा राहून सांगणार की आपली बोली सगळ्यांची माय आहे. मग कुणीतरी शिकलेला माणूस त्याला विचारणार, कशावरून?

सत्कारासाठी नाव पुकारलं. शेठनी स्वतः शाल घातली आणि माइक पुढे केला. आपा माइककडे गेल्या नाहीत. गोधडीकडे गेल्या. खालचं टोक शोधलं आणि दोरा ओढला. एक बाण गेला. दुसरा गेला. मग आख्खा तुकडा त्यांच्या हातात आला. फोटो काढणारे हात खाली आले.

मग त्या माइकपाशी आल्या.

"मी पिंजारीण आहे. एका घरचा कापूस दुसऱ्या घरच्या गादीत मी कधी घातला नाही. आज घातला होता. काढला."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग आमचा काहीच संबंध नाही का?"

"आहे ना. आपण दात म्हणतो, वेल्शमध्ये दान्त म्हणतात. आपण नवा म्हणतो, ते नेवीध म्हणतात. हे त्यांनी आपल्याकडून नेलं नाही, आपणही त्यांच्याकडून आणलं नाही. हजारो वर्षांपूर्वी एकच घर होतं. तिथून दोघंही निघाले, ते परत भेटलेच नाहीत. धनसिंगदादा, नातवाला हे सांगा. याच्यावर कुणी प्रश्न विचारला तर मला फोन करायला सांगा."

धनसिंगांनी खिशातून कागद काढला आणि शेजारच्याला म्हणाले, "लिखी दे रे भो. दान्त. आनि ते दुसरं काय सांगं?"

शेठ व्यासपीठावर खाली मान घालून बसले होते. निघताना एवढंच म्हणाले, "अक्का, माझ्याच मांडवात माझी पार शोभा केली तुम्ही."

"केली," आपा म्हणाल्या. "पण चूक माझी होती, शेठ. शिवायलाच नको होतं."

दोन दिवसांनी तेजसचा निरोप आला. सामान जास्त झालंय, जमणार नाही.

दिपमाला रडकुंडीला आली. "आता कशी पाठवायची?"

आपांनी उत्तर दिलं नाही. कातर घेतली आणि गोधडीची कड उसवायला बसल्या. दिपमाला ओरडली, "आपा!"

"ओरडू नकोस. पन्नास वर्षं हेच करते मी. शब्द खोळीवर आहेत, कापसात नाहीत." त्यांनी मूठमूठ करून सगळा कापूस बाहेर काढला. तो त्यांच्या अब्बांच्या गादीतला होता. तो परत अब्बांच्या गादीत गेला. उरली खोळ. घडी घातली तर साडीपेक्षा थोडी जाड. मधलं भोक त्यांनी कोऱ्या कापडाने बंद केलं, त्यावर काही शिवलं नाही. वर चिठ्ठी जोडली: कापूस तुमच्याकडचा भरा.

दिपमालाने पारोळ्याच्या पोस्टातून पार्सल केलं.

मधल्या काळात एकदा रुपचंदशेठ आले. दारातच उभे राहिले. "तो तुकडा टाकला का?"

"ठेवलाय."

"बाण काढून टाका. नुसतं 'माय' राहू द्या. दुकानात लावतो."

आपांनी बाणांचे उरलेसुरले दोरे वेचून काढले. मग 'माय' पुन्हा शिवलं. या वेळी पक्क्या टाक्याने. शेठनी उजेडात धरून टाका बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला.

मार्चमध्ये, भर दुपारी फोन वाजला. पुतणी होती. पडद्यावर एक खिडकी दिसली, मग एक म्हातारी. तिच्या मांडीवर ती खोळ होती, भरलेली, फुगलेली. म्हातारीची बोटं त्यावरून सावकाश चालत होती. मिठावरून गेली. मासा नव्हता तिथून गेली. सूर्यापाशी थांबली. बराच वेळ थांबली.

मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "ईन."

आणि गप्प झाली.

पुतणीला कळेना. दिपमालालाही कळेना. आपांना मात्र लगेच कळलं. पुढचा अंक नोराचा होता, आणि नोरा जाऊन बारा वर्षं झाली होती.

"दो," आपा म्हणाल्या.

"त्री."

"कॅहर."

"पिम्प."

आपांच्या पुढ्यात लग्नाच्या ऑर्डरच्या उशा पडल्या होत्या. नकळत त्यांचा हात चालू झाला. अंक ऐकला की उशी दुसऱ्या ढिगावर. सहा त्यांचा, सात तिचा, आठ त्यांचा, नऊ तिचा. दहावाही नोराच्याच वाट्याचा. तो आपांनी म्हटला.

पलीकडे म्हातारीने दोन्ही हात उचलले, हवेत अंदाज घेतला आणि टाळी वाजवली.

"झालं!"

आपांनी दहावी उशी ढिगावर ठेवली.