प्लॅस्टिक दोघांनी फाडायचं

आमच्या घरात एक नियम होता. नवी कॅसेट एकट्याने उघडायची नाही. रविवारी आंघोळी आटोपल्या की दादा आणि मी समोरासमोर बसायचो, त्याने एका बाजूने प्लॅस्टिक ओढायचं, मी दुसऱ्या बाजूने. मग आतला कागद मी मोठ्याने वाचायची. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेतली आम्ही दोघं, इंग्रजी यथातथाच. अडलेला शब्द मी डिक्शनरीत बघून त्याला सांगायची आणि मगच बटण दाबलं जायचं.

सगळा जीव एकाच परदेशी बँडवर. त्यांच्या जुन्या रेकॉर्ड बाबांच्या प्लेअरवर ऐकून आम्ही मोठे झालो. नंतर घरोघरी केबल आली, वर्गातली मुलं नव्या गाण्यांवर नाचू लागली आणि आमचा बँड म्हातारा झाला. त्यांचे शेवटचे अल्बम कुणी विचारत नव्हतं. "ये बुड्ढे अभी तक गाते हैं?" असं कॅसेटवाल्यानेही विचारलं होतं. आम्हाला मात्र तेच अल्बम प्यारे होते. रेकॉर्ड निघणं तोवर बंद झालं होतं, म्हणून ते कॅसेटवरच मिळाले. टेप घासून घासून आवाज बसला, तेव्हा दादा म्हणाला, "कधीतरी हे रेकॉर्डवर येईल, बघच तू. तेव्हा आपण दोघं मिळून उघडू. प्रॉमिस."

पुढे त्याला गुडगावात परदेशी कंपनीत नोकरी लागली. शेतं जाऊन टॉवर उभे राहत होते, त्यातल्याच एकात त्याने फ्लॅट घेतला. बाबांचा प्लेअर आणि रेकॉर्ड तोच घेऊन गेला. मी हूं की चूं केलं नाही. गाणी शेवटी एकत्रच ऐकायची होती ना.

आणि खरंच, इतक्या वर्षांनी ते म्हातारपणचे अल्बम रेकॉर्डवर आले. नोएडाच्या मॉलमध्ये आमचा सर्वांत लाडका अल्बम दिसला आणि मी भर दुकानात वेड्यासारखी हसले. घरी आणून कपाटात ठेवला. नखसुद्धा लावलं नाही. दादाला फोन केला की "बिझी आहे गं, नंतर बोलू." बरेच दिवस हेच. शेवटी त्याने नव्या, मोठ्या फ्लॅटच्या पार्टीला बोलावलं. म्हटलं, चला, मुहूर्त लागला. रेकॉर्ड पाकिटात घालून निघाले.

लिफ्टमधून बाहेर आले तर त्याच अल्बममधलं गाणं ऐकू येत होतं. दार उघडंच होतं. टेबलावर सगळे अल्बम मांडलेले, एकावरही प्लॅस्टिक नाही. दादा ऑफिसच्या लोकांना सांगत होता, "घर में किसी को समझ ही नहीं आता था, यार. हर संडे, कैसेट पर, मैं अकेला सुनता था."

अकेला! डिक्शनरीची पानं सुटेपर्यंत शब्द शोधले ते कोणी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत त्याला फाडकन विचारावंसं वाटलं.

तेवढ्यात त्याने मला पाहिलं. "मेरी बहन," एवढीच ओळख करून दिली. मग माझ्या हातातलं पाकीट घेऊन आत डोकावला.

"अरे यार, हा तर आहे माझ्याकडे. पूर्ण सेटच मागवला मी. तुझ्याकडे बिल आहे ना? मग बदलून घे काहीतरी."

"अच्छा," मी म्हटलं. जेवले, छोल्यांचं कौतुक केलं आणि पाकीट घेऊन परत आले.

इतका राग मला कुणाचाच आला नव्हता. विसरला असता तरी मी समजून घेतलं असतं. पण त्याला सगळं आठवत होतं, रविवार, कॅसेट, गाणी. त्यातून फक्त मला काढून टाकलं होतं.

रेकॉर्ड अजून कपाटात आहे. नवरा म्हणतो, आपणही एक प्लेअर घेऊ. घेऊ की. पण अडलंय ते प्लेअरवाचून नाही. माझ्या बाजूचं प्लॅस्टिक मी केव्हाही फाडीन. दुसरी बाजू दादाची आहे.