ज्याला काढायचं होतं तो राहिला

मी एका फुटबॉल कोचची नोकरी घालवली. ज्याची घालवायची होती त्याची नव्हे — शेजारच्या घरात राहणाऱ्या, आमच्याकडे येऊन चहा पिणाऱ्या दुसऱ्याच कोचची.

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही, आणि तिला माझ्या शुगरपासून पासवर्डपर्यंत सगळं ठाऊक असतं. तसा मी स्वतःच्या फजित्या लपवणारा माणूस नाही. उलट इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात लोक मला आग्रह करतात — शेखर, तो टर्कीचा किस्सा सांग ना. मग मी सांगतो : पहिल्या थँक्सगिव्हिंगला मी अख्खी टर्की भाजली होती, दुकानातून तिच्या पोटात घालून आलेल्या काळीज-यकृताच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. लोक हसतात, मीही हसतो. हा किस्सा मात्र तोंडाशी येतो आणि मी ताटातल्या भाताकडे वळतो.

तर आज सांगतो. जरा वळसा घेऊन येईन, चालेल ना?

आम्ही राहतो टेक्सासमध्ये, प्लेनोला. ईशाला, आमच्या मुलीला, जवळच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. इथे कॉलेजचं फुटबॉल — आपलं पायाने खेळायचं नव्हे, अमेरिकन, बॉल हातात घेऊन धडका मारायचं — म्हणजे शनिवारी सगळ्यांनी एका रंगाचे शर्ट घालायचे, पार्किंगमध्ये शेगड्या पेटवायच्या, आणि सोमवारी ऑफिसात दुसरा विषय काढायचा नाही. मीही टोपी घेतली, शर्ट घेतला, गाडीला स्टिकर लावला, सीझनचा पास काढला. खेळ तेवढा शिकायचा राहिला.

त्या वर्षी टीम हरत होती. सरळ हरत नव्हती — जिंकत आणायची आणि शेवटी हरायची. स्टँडमध्ये आमच्या रांगेत दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, हेड कोचला अजून एक वर्ष द्या. दुसरा म्हणायचा, आजच काढा. आता गंमत बघा. ‘अजून एक वर्ष द्या’ म्हणणाऱ्याला खेळ कळावा लागतो — कोण जखमी आहे, पुढच्या वर्षी कोणती पोरं येणार आहेत, मागचा कोच काय घोळ करून गेला. ‘काढा’ म्हणायला काहीच कळावं लागत नाही. एका शनिवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, “धिस गाय हॅज टू गो.” पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्या माणसाने वळून माझ्या तळहातावर टाळी दिली.

तुम्हाला हसू येईल, पण इतकी वर्षं या देशात राहून अनोळखी माणसाने दिलेली ती माझी पहिली टाळी होती. कबूल करतो, मला ती आवडली. फार आवडली.

मग मी फॅन्सच्या एका ऑनलाइन फोरमवर गेलो. तिथे हाच वाद दिवसरात्र चालायचा. मी नाव घेतलं ‘ओल्ड लाइनमन’. म्हणजे जुना खेळाडू, समोरच्याला छातीने ढकलणाऱ्यांपैकी. मी — ज्याला शाळेत कबड्डीच्या वेळी कायम गुण लिहायला बसवायचे.

इथवर गाढवपणा आहे. पुढे तो राहत नाही.

शेजारी डॅरिल राहायचा. त्याच कॉलेजच्या टीमचा असिस्टंट कोच. त्याच्याकडे तीच ढकलणारी जाडजूड पोरं होती — ज्या फळीचा मी ऑनलाइन माजी सदस्य होतो, ती. डॅरिल स्वतःही दारात उभा राहिला की दार दिसायचं नाही. वैशालीने एकदा त्याला आल्याचा चहा दिला, तेव्हापासून रविवारी दुपारी तो आमच्या मागच्या अंगणात यायचा, त्याच्या पंज्यात बाहुलीचा दिसणारा कप धरून बसायचा. मला ‘शेक’ म्हणायचा. खेळाबद्दल मी काही विचारायचो नाही — विचारलं असतं तर उघडा पडलो असतो. कदाचित म्हणूनच तो माझ्याशी बोलायचा.

एका रविवारी, आदल्या दिवशीची मॅच हरल्यावर, तो बोलला. हेड कोच मॅचच्या आदल्या संध्याकाळी सगळा प्लॅन बदलतो, म्हणाला. आठवडाभर पोरांकडून जे घोटून घेतलं ते शुक्रवारी हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये रद्द. या वेळी डॅरिलने बोर्डावर पोरांसाठी आखून ठेवलं होतं, ते हेड कोचने सगळ्या असिस्टंट्ससमोर शर्टाच्या बाहीने पुसलं. डस्टर शेजारीच होता, डॅरिल म्हणाला. एवढंच. मग त्याने अजून थोडा चहा मागितला.

तो गेला आणि मी लॅपटॉप उघडला.

आमच्या आयटीच्या धंद्यात एखादी सिस्टिम कोसळली की क्लायंटला एक रिपोर्ट द्यावा लागतो — रूट कॉज अॅनालिसिस. नेमकं काय बिघडलं, का बिघडलं, पुरावा काय. मी आयुष्यभर हेच लिहीत आलोय. त्यात ‘असं ऐकलंय’, ‘असं वाटतं’ चालत नाही. आमचा जुना मॅनेजर असा रिपोर्ट परत पाठवायचा — शेखर, एव्हिडन्स कुठाय? त्या दुपारी मी फोरमवर टीमच्या पराभवाचा रूट कॉज अॅनालिसिस टाकला. मुद्दे, उपमुद्दे, शेवटी शिफारस : हेड कोचला काढा. आणि पुरावा म्हणून — शुक्रवार संध्याकाळ, हॉटेलची मीटिंग रूम, बोर्ड, बाही. डस्टरसुद्धा लिहिला हो. डस्टर कशाला लिहायचा माणसाने? सवय.

पोस्ट गाजली. लोकांनी ती उचलून भलतीकडे टाकली, रेडिओवर वाचली. ‘काढा’ पक्षाने मला डोक्यावर घेतलं. संध्याकाळी वैशालीने विचारलं, “एवढा काय खूश आहेस?” मी म्हटलं, ऑफिसचं काहीतरी.

खोलीत हेड कोच आणि मोजके असिस्टंट होते. आणि ज्याचा बोर्ड पुसला गेला तो त्यात एकच होता. हे शोधायला कसलं अॅनालिसिस लागतं?

मंगळवारी डॅरिलला बोलावलं आणि घरी पाठवलं. हेड कोच राहिला. उलट त्याला सहानुभूती मिळाली — घरातलाच माणूस फितूर निघाला म्हटल्यावर ‘अजून एक वर्ष द्या’ पक्ष एकदम वाढला. फोरमवर कोणीतरी लिहिलं, बरं झालं, उंदीर सापडला. त्याखाली आलेल्या लाइकच्या अंगठ्यांमध्ये त्या दाढीवाल्याचाही असावा, असं मला उगाच वाटत राहिलं.

आणि मी? मी स्वतः कित्येक वर्षं व्हिसावर काढलेली आहेत. मॅनेजरच्या चेहऱ्याकडे बघून सोफा घ्यायचा की नाही ठरवणारा माणूस मी. नोकरी गेली की आधी नोकरी जात नाही, आधी पोरांची शाळा डोळ्यांसमोर येते — हे मला कोणी समजावून सांगायला हवं होतं का?

पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. अजूनही वळसाच घेतोय, बघा.

त्या आठवड्यात डॅरिल आला. बसला नाही. त्याने विचारलं, “शेक, तू कंप्युटरवाला आहेस. हे कोणी लिहिलं ते शोधता येतं का?”

तो बोलला होता फक्त दोघांशी. एक मी. दुसरा ट्रेंट — टीमचाच आणखी एक असिस्टंट कोच, डॅरिलच्या लग्नात त्याच्या शेजारी अंगठी घेऊन उभा राहिलेला मित्र. त्या खोलीत ट्रेंट स्वतःही होता. नोकरी मात्र त्याची शाबूत राहिली होती.

त्या वेळी बोलता आलं असतं. दार लोटलेलं होतं, वैशाली वर होती, आणि तो माझ्यासमोर नुसता उभा होता. मी म्हणालो, “बघतो.”

बघायचं काय होतं? तो गेल्यावर मी ओल्ड लाइनमनचं खातं पुसून टाकलं. दोन दिवसांनी मीच त्याच्या घरी गेलो, चेहरा गंभीर केला आणि सांगितलं — नाही सापडत. ज्याने केलं तो माणूस हुशार आहे, काही माग ठेवलेला नाही.

डॅरिल म्हणाला, “ट्रेंट हुशारच आहे.”

आणि मी गप्प बसलो.

हे आहे ते. पोस्ट नव्हे. पोस्ट मूर्खपणा होता. मूर्खपणाचे किस्से मी सांगतो, लोक हसतात. हे गप्प बसणं मी केलं, शांतपणे, चांगला शुद्धीवर असताना. वर त्यात स्वतःला हुशार म्हणवून घेतलं.

डॅरिलला पुढे कॉलेजात काम मिळालं नाही. फितुराला कोण घेणार? शेवटी पश्चिमेला, चार-पाच तासांवरच्या एका छोट्या गावात शाळेतल्या पोरांना शिकवायला लागला. घर विकून गेला, तेव्हा ट्रकमध्ये सामान चढवायला मी होतो. फ्रिजचं एक टोक माझ्याकडे होतं. ट्रेंट मदतीला आला होता. डॅरिलने त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मी फ्रिज धरून उभा होतो, म्हणून म्हणे मला काही बोलता आलं नाही. फ्रिज खाली ठेवता येत नाही का?

आणि हेही सांगून टाकतो — ही कबुली मी मराठीत देतोय, जी डॅरिलला वाचता येत नाही. ट्रेंटलाही नाही. तेवढी काळजी मी घेतली आहे. वैशाली मात्र वाचेल.

मागच्या सीझनला डॅरिलने बोलावलं, शाळेची मॅच बघायला या म्हणून. आम्ही दोघं गेलो. गाडीत मी इंग्रजीतलं एक वाक्य घोळवत होतो. वैशालीने विचारलं, “काय पुटपुटतोयस?” मी म्हटलं, रस्ता आठवतोय. समोर जीपीएस बोलत होता.

लहानसं मैदान, अर्धे रिकामे बाक. त्याची पोरं जिंकली. मॅच संपल्यावर तो घामाघूम असा आला, वैशालीला वाकून नमस्कार केला, तिने आणलेला चहाचा थर्मास छातीशी धरला. मी वाक्य तयार केलं. सुरुवात म्हणून विचारलं, ट्रेंटची काही खबर?

“तो विषय नको,” डॅरिल म्हणाला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला — जड हात — आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे मला ओढत नेऊन ओळख करून दिली.

“हा शेक. माझा जुना शेजारी. तेव्हा मी गावातल्या एकूण एक माणसावर संशय घेतला, फक्त याच्यावर नाही. याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.”